डुकरिणीचा चीक 'जड' असतो म्हणे!

वाळपईच्या माझ्या मावसभावाने यंदा पहिल्यांदाच डुकरीण पाळलीय, ती व्यायला टेकलीय, आणि नेमका काल रात्री त्याचा मेसेज, 'दादा, असं करायचं असतं का रे?' खाली तोच फॉरवर्ड, 'पिल्लांची हगवण कायमची बंद, डॉक्टरची गरज नाही', जो कधीपासून सगळ्या ग्रुपवर फिरतोय. आता उत्तर देतोच. पहिल्या मुद्द्यावर जास्त बोलणार, कारण त्याने पिल्लं मरतात.

'चीक जड असतो, पहिले बारा तास पिल्लांना आईपासून लांब ठेवा.' हे लिहिणाऱ्याने डुकरीण व्यालेली कधी बघितली तरी आहे का? माणसाच्या बाळाला आईची प्रतिकारशक्ती पोटात असतानाच वारेतून मिळते, डुकरिणीच्या वारेतून ती पलीकडे जातच नाही. पिल्लू जवळजवळ कोरं जन्मतं. मिळायचं ते सगळं चिकातून, आणि त्यालाही मुदत आहे: चिकातल्या अँटीबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, अख्ख्या रक्तात घ्यायची सोय पिल्लाच्या आतड्यात साधारण पहिले २४ तासच असते आणि तीही तासागणिक कमी होत जाते. म्हणजे बारा तास लांब ठेवून तुम्ही नक्की काय वाचवलं? शिवाय अंगावर चरबी नाही, उपाशी पिल्लू गारठतं, गारठलं की सुस्त पडतं आणि आईने कूस बदलली की खाली चिरडतं. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या पोटात २०० ते २५० ग्रॅम चीक जायला हवा. बघा कधीतरी, ओलं पिल्लू पडल्यापडल्या लटपटत आईच्या पोटाच्या कडेकडेने सडांकडे निघतं, कुणी शिकवावं लागत नाही. दांडगी पुढचे सड बळकावतात, बारकं मागे राहतं. आपण एवढंच करायचं, दांडग्यांना थोडा वेळ टोपलीत टाकून बारक्याला सडाला लावायचं, चोखत नसेल तर चीक पिळून सिरिंजने थेंब थेंब तोंडात सोडायचा. खाली कोरडं गोणपाट, वर बल्ब. आपल्याकडच्या पावसात शेडची लादी दिवसभर ओली, हगवण येते ती असल्या ओलीतून आणि घाणीतून, चिकातून नाही!

'हगवण लागली की पाणी तोडा.' अजिबात नाही. पिल्लू मरतं तेच मुळी अंगातलं पाणी जाऊन. ओआरएस पाजा. पुढे.

'दूध तोडल्यावर २४ टक्के प्रोटीनचं खाद्य द्या, आतडं मजबूत होतं.' उलटं आहे. दूध तुटलं की पिल्लू एक-दोन दिवस धड खात नाही, आतड्यातली बारीक लव आखूड होते, पोटात ॲसिडही पुरेसं बनत नाही, आणि न पचलेलं प्रोटीन खाली जाऊन सडतं, म्हणजे हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जंतूंची चंगळ. म्हणून प्रोटीन १८ टक्क्यांच्या आसपास ठेवून वर लायसिनसारखी अमिनो ॲसिड घालतात, आणि आठवड्या-दहा दिवसांचं झाल्यापासूनच चिमूट चिमूट क्रीप फीड, म्हणजे दूध पीत असतानाच द्यायचं कोरडं खाद्य, चाखवतात. सोयाबीन घालायचं तर भाजून, कच्चं कधीच नाही.

'खाद्यात कोलिस्टिन पावडर टाका, माणसाशी त्याचा संबंध नाही.' संबंध नाही कसा? बाकीची अँटिबायोटिक हरली की आयसीयूत शेवटी काढतात ते हे अँटिबायोटिक. नोव्हेंबर २०१५ मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगांच्या जर्नलमध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की कोलिस्टिनला दाद न देणारा एमसीआर-१ नावाचा जीन डुकरांमधल्या ई. कोलायमध्ये आहे, कच्च्या मांसात आहे आणि हॉस्पिटलातल्या पेशंटमध्येही आहे, वर तो एका जंतूतून दुसऱ्यात सहज जातो. आणि जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांकरता कोलिस्टिन बनवणं-विकणं बंद केलं. म्हणजे फॉरवर्डवाला बंदी असलेलं औषध सुचवतोय. त्यातच 'युरोपात झिंक ऑक्साइडचा मोठा डोस देतात' असंही आहे. देत होते, हगवण थांबायचीही, पण जून २०२२ पासून तिथेही तो डोस बंद.

'हॉटेलचं खरकटं जसंच्या तसं द्या, नैसर्गिक प्रोबायोटिक.' कळंगुट-बागाच्या हॉटेलांचं खरकटं गोव्यात सगळेच घालतात, मी नको म्हणत नाही, पण ९० अंशांवर तासभर ढवळत शिजवून. २०२० मध्ये आसामात आलेला आफ्रिकन स्वाइन फीवर, डुकरांचा जीवघेणा रोग, असल्याच कच्च्या मांसाच्या तुकड्यांतून पसरतो. आणि खरकट्यात मीठ बदाबदा असतं, वरचा पाणी तोडायचा सल्ला त्याच्याबरोबर पाळलात तर डुक्कर आंधळं होऊन भिंतीला धडकत फिरेल.

राहिली 'लोहाचं इंजेक्शन नको, लाल माती टाका'. हे, नाइलाजाने सांगतो, अर्धं खरं आहे. दुधातून पिल्लाला दिवसाला जेमतेम १ मिलिग्राम लोह मिळतं, लागतं ७ च्या पुढे, आणि रानात उकरणारं पिल्लू बाकीचं मातीतूनच मिळवतं. डिचोली-सत्तरीच्या मातीत लोखंड नाही असं कोण म्हणेल, खाणींतून बार्जच्या बार्ज भरून गेलं की! पण शेडजवळची माती टाकलीत तर जंतांची अंडी फुकट मिळतील. तेव्हा बाबा, माती टाकायचीच तर जिथे डुकरं कधी फिरली नाहीत तिथली आण, तिसऱ्या दिवसाचं २०० मिलिग्रामचं लोहाचं इंजेक्शन तरीही दे, काही अडलं तर जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या (सरकारी शेती संशोधन परिषदेच्या) केंद्रात विचार, तिथे डुकरांवर काम चालतं. आणि कोलिस्टिनचं पाकीट आणून ठेवलं असशील तर उद्याच दुकानदाराला परत कर.