परदेशातून : चार्ज कुणाकडे?

कमी पटाच्या शाळांचा वाद महाराष्ट्रात अधूनमधून विझल्यासारखा होतो आणि पुन्हा पेटतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले गेले, पानशेत आणि तोरणमाळच्या अशा शाळांचे दाखले दिले गेले, तेव्हाही तेच झालं. एक बाजू म्हणाली, आठ मुलांना दोन शिक्षक कसे परवडायचे? दुसरी म्हणाली, वाडीवरची सहा वर्षांची पोर ओढा ओलांडून जाणार कशी? दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण न्यूझीलंडमध्ये बसून हे सगळं वाचताना एक गोष्ट टोचत राहते. शाळा ठेवायची की मिटवायची यावर आपण तावातावाने बोलतो. ठेवली तर ती चालवायची कुणी आणि त्या माणसाला कुणी काय शिकवलं, याबद्दल मात्र दोन्ही बाजू गप्प.

गप्प राहण्याचं मूळ कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची उघडून बघा. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक कधी, तर पट १५० च्या वर गेल्यावर. सहावी ते आठवीला ती रेघ १०० वर आहे. म्हणजे वाडीवस्तीवरच्या बहुतेक शाळांना मुख्याध्यापक नाहीच. तिथे ‘चार्ज’ असतो : शिक्षकांपैकीच एकाने वर्ग सांभाळून मुख्याध्यापकाचंही काम बघायचं. वेगळं पद नाही, वेगळी वेतनश्रेणी नाही, वर्गातून सुटका नाही. नियमाने चार्ज ज्येष्ठाकडे जायचा. प्रत्यक्षात ज्याला नाही म्हणता आलं नाही त्याच्याकडे जातो. पद नसलेल्या माणसाचं प्रशिक्षण कोण आखणार?

न्यूझीलंडमध्ये याच्या बरोबर उलटी चूक झाली. १ ऑक्टोबर १९८९ पासून ‘टुमॉरोज स्कूल्स’ नावाच्या सुधारणेत तिथली प्रादेशिक शिक्षण मंडळं बरखास्त झाली आणि प्रत्येक सरकारी शाळा पालकांनी निवडलेल्या बोर्डाच्या हाती आली. निवडणूक दर तीन वर्षांनी. मुख्याध्यापकाला नेमतं बोर्ड, आणि तोच बोर्डाचा सभासदही असतो. पगार सरकारी तिजोरीतून येतो, पण वीजबिल, दुरुस्ती, बदली शिक्षक, हिशेब, लेखापरीक्षण हे सगळं शाळेचं. दोन हजार मुलांच्या शाळेला हे शोभून दिसतं. मेंढपाळांच्या एखाद्या दरीतल्या पंचवीस मुलांच्या शाळेत मात्र हे सगळं एकाच माणसावर येतं, आणि तोच माणूस दुसरी ते चौथीचा वर्गही घेत असतो. ‘टीचिंग प्रिन्सिपल’ म्हणतात त्याला. आपल्या भाषेत चार्जवाले गुरुजीच, फक्त पाटी रंगवलेली.

शिवाय मुख्याध्यापकाची श्रेणी पटावर ठरते. पन्नासपर्यंत सगळ्यात खालची, शंभरपर्यंत त्याच्या वरची, असं चढत जातं. परिणाम कुणीही ओळखावा : लहान शाळा ही पहिली पायरी होते. उमेदीचा शिक्षक तिथे येतो, दोन-तीन वर्षांत हात बसतो आणि तो मोठ्या शाळेकडे निघतो. जिथे उपमुख्याध्यापक नाही, ऑफिसातली बाई आठवड्यातले काही तासच येते, तिथेच सर्वांत कमी अनुभवाचा माणूस बसतो. आणि बसण्याआधी कुठली वेगळी पदवी लागत नाही; शिक्षकाचा परवाना असला की पुरे.

हे लक्षात आल्यावर २००२ मध्ये ऑकलंड विद्यापीठामार्फत नवख्या मुख्याध्यापकांसाठी एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात निवासी शिबिरं होती, पण खरा जीव होता मेंटॉरमध्ये. हा अनुभवी मुख्याध्यापक शाळेत येऊन बसायचा. शाळेचं मूल्यमापन करणारं खातं वेगळं, हा माणूस वेगळा. आपल्याकडे नेमकं हेच जुळत नाही. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी, मार्गदर्शकही आणि शेरेबुकात शेरा लिहिणाराही. ज्याच्या शेऱ्याची धास्ती आहे, त्याच्यासमोर कोण म्हणेल की ‘साहेब, कॅशबुक तीन महिन्यांपासून जुळत नाहीये’? तो दोष केंद्रप्रमुखाच्या स्वभावाचा नाही, खुर्चीचा आहे.

नवीन माणूस कशाने तोंडघशी पडतो, तेही दोन्हीकडे बघण्यासारखं आहे. न्यूझीलंडच्या ग्रामीण शाळांत वसंतात ‘काफ क्लब डे’ असतो : मुलं वासरू, कोकरू वाढवतात, दोरीला धरून मैदानावर फिरवतात, बक्षिसं लागतात. शहरातून आलेला नवा मुख्याध्यापक हा दिवस ‘अभ्यासाचा वेळ जातो’ म्हणून आखडता घेतो आणि वर्षभर त्याला बोर्डाच्या बैठकीत धड उत्तर मिळत नाही. कारण तो दिवस शाळेचा नसतो, दरीचा असतो. दुसरं संकट कमी रम्य आहे. गावाला नळयोजना नसेल तर शाळेचं पिण्याचं पाणी छतावरच्या पावसाचं किंवा बोअरचं, आणि ते शुद्ध ठेवण्याची जबाबदारी शाळेची. २०१६ मध्ये हॅवलॉक नॉर्थ या गावी नळाच्या पाण्यातून हजारो लोक आजारी पडल्यावर नियम कडक झाले. आता गाळणी कधी बदलली, अतिनील दिवा कधी बदलला याची नोंद लागते. हा दिवा विझला नाही तरी वर्षभरात त्याची जंतू मारण्याची ताकद उतरते. तो जळताना दिसतो म्हणून नवा माणूस निर्धास्त असतो. हे कुठल्या बी.एड.मध्ये शिकवतात?

आपल्याकडची तशी जागा म्हणजे चार्ज देण्याघेण्याचा दिवस. बदलीचा आदेश येतो, जुने गुरुजी नव्या गावी हजर व्हायच्या घाईत असतात, नवे गुरुजी आदल्या रात्री पोचलेले. चार्ज-यादी आदल्या वर्षीची, तारीख खोडून वापरलेली. सही होते, चहा होतो, किल्ल्यांचा जुडगा हातात येतो. ऑगस्टमध्ये कळतं की यादीतले दोन टॅब कपाटात नाहीत. सही कुणाची? नव्याची.

चार्ज कसा घ्यावा, हे अर्ध्या दिवसात शिकवता येतं आणि कुठेच शिकवलं जात नाही. सर्वांत आधी जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही. शेवटचा दाखल क्रमांक कोणता, मधली पानं आहेत का, खाडाखोड कुठे आहे आणि त्यावर सही आहे का, हे बघून शेवटच्या नोंदीखाली चार्जची तारीख टाकायची. हे शाळेतलं सर्वांत मोलाचं दप्तर आहे. जन्मतारीख आणि जातीची नोंद पुढे माणसाला आयुष्यभर पुरते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा सरकारी माणसं शाळांच्या जुन्या प्रवेश-निर्गम नोंदवह्याच उलटत बसली होती, त्यातल्या कित्येक मोडीतल्या. आणि या नोंदीत पुढे दुरुस्ती करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पालक पारावर भेटला आणि म्हणाला म्हणून तारीख बदलणारा नवा गुरुजी थेट चौकशीत जातो. मग शाळा सोडल्याच्या दाखल्यांचं पुस्तक : किती कोरे, क्रमांक सलग आहेत का. मग कॅशबुक आणि बँकेचं पासबुक समोरासमोर. न वटलेला चेक असेल तर त्याची ओळ वेगळी लिहायची. डेडस्टॉक, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची यादी, सर्वांत शेवटी, आणि वस्तू डोळ्यांनी बघून. ‘आहे, घरी चार्जिंगला नेलाय’ हे उत्तर चालत नाही.

पोषण आहाराचा तांदूळ मात्र काट्यावरच. पहिली ते पाचवीला मुलामागे शंभर ग्रॅम. अठरा मुलं, चोवीस दिवस : त्रेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. आकडा इतका सोपा असून घोळ होतो, कारण पोत्यावर पन्नास छापलेलं असतं आणि आत तेवढं असेलच असं नाही. मालाची पोच देताना वजन केलं नाही तर घट कागदावर येत नाही. महिनाअखेर नोंदवहीत शिल्लक दिसते, कोठीत नसते. मग ती जुळवायला कुणीतरी हजेरीला हात लावतो : त्या दिवशी सोळाच मुलं आली होती, अठरा लिहू. इथून पुढे वर्गातली हजेरी एक, पोषण आहाराची दुसरी आणि सरकारी पोर्टलवरची तिसरी. दीड किलोच्या घटीसाठी तीन नोंदी खोट्या. पोच देतानाच ‘प्रत्यक्ष वजन अमुक’ एवढं लिहिलं असतं तर हे सगळं टळलं असतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं कारकुनी आहे. नेतृत्व कुठे आहे यात? दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे, २०२० च्या राष्ट्रीय धोरणात शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना वर्षाला पन्नास तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. संघबांधणी, नवोपक्रम, भागीदारी ही तिथली प्रकरणं वाईट नाहीत. पण द्विशिक्षकी शाळेत ‘टीम’ म्हणजे समोरच्या खुर्चीतला एकच माणूस, आणि पती-पत्नी एकत्रीकरणात आलेलं जोडपं असेल तर संघबांधणी लग्नात उरकलेली असते. नेतृत्वाची परीक्षा इथे वेगळ्याच ठिकाणी होते : वेळापत्रकात.

चार वर्ग, दोन शिक्षक. सरधोपट वाटणी म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. ती चालते, पण चार्जवाल्याने कुठली जोडी घ्यायची? बहुतेक जण मोठी मुलं घेतात, कारण त्यांना लिहायला देऊन माहिती भरता येते. हीच चूक. ती मुलं ‘गुरुजी कामात आहेत’ ही सबब पाठ करतात आणि चौथी संपेपर्यंत उताऱ्याच्या प्रश्नांची उत्तरं स्वतः लिहायला शिकत नाहीत. पहिली-दुसरी घेतली तर उठताच येत नाही, म्हणून पोर्टलची कामं आपोआप शाळा सुटल्यावर जातात. पटणारा तोडगा असा : सकाळचे पहिले दोन तास चार्जवाल्याने लहान मुलांचं वाचन घ्यायचं आणि त्या वेळात फोन पेटीत. दुपारी चारही वर्ग एकत्र, परिसर अभ्यास किंवा खेळ, दुसऱ्या शिक्षकाकडे. त्या पस्तीस मिनिटांत माहिती भरायची. शेजारच्या वर्गाला ‘मूक काम’ द्यायचं तर ते मुलांना स्वतः तपासता येईल असं द्यायचं : उत्तरं मागे लिहिलेली गणितकार्डं, जोडीने वाचायचा उतारा. नुसतं ‘पान वीस उतरवा’ म्हटलं की सातव्या मिनिटाला मारामारी.

आणि हे सगळं कोलमडतं ते तालुक्याच्या बैठकीने. चार्जवाला महिन्यातून चार दिवस बाहेर गेला, तर दहा महिन्यांत चाळीस दिवस. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला २०० दिवस सांगितले आहेत. म्हणजे पाचातला एक दिवस ती शाळा एकशिक्षकी असते, आणि नोंदीत मात्र द्विशिक्षकी. न्यूझीलंडची एकच गोष्ट उचलायची असेल तर मी मुख्याध्यापकांची शिबिरं नाही, ‘रिलीव्हर’ उचलेन : शिक्षक नसेल त्या दिवशी येऊन वर्ग घेणारा परवानाधारक बदली शिक्षक. शाळेच्या अनुदानातच त्याचे पैसे धरलेले असतात. तिथल्या प्राथमिक शिक्षकांच्या वेतनकरारात वर्गाबाहेरच्या कामाचे तासही मोजून लिहिले आहेत. ते सत्राला दहा होते, २०२३ च्या करारात वाढले. दुर्गम भागात रिलीव्हर मिळत नाही ही तिथलीही रड आहेच. पण तिथे रिकामा वर्ग ही अडचण मानली जाते, आपल्याकडे ती रीत झाली आहे. आपल्याकडे तीस मुलांपर्यंतच्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ या केंद्र-राज्याच्या योजनेतून वर्षाला दहा हजारांचं संयुक्त अनुदान मिळतं. त्यातून खडू, रंग, वीज, झाडू. बदली माणूस कुठून बसवणार? तो केंद्रप्रमुखाच्या पातळीवरच हवा : दहा-बारा शाळांमागे एक फिरता शिक्षक, बैठकांच्या तारखा महिनाभर आधी ठरवून.

तयारीबद्दल माझं मागणं लहान आहे. चार्ज घेण्याआधी पाच दिवस, तेही तालुक्यातल्याच एखाद्या चालत्या द्विशिक्षकी शाळेत, सभागृहात नाही. पहिल्या वर्षात तीन भेटी, नुकत्याच निवृत्त झालेल्या अशाच शाळेच्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या, आणि त्यांना शेरेबुकाला हात लावायची परवानगी नको. पहिली भेट जूनमध्ये दप्तरासाठी. दुसरी दिवाळीनंतर, ऊसतोडीला गेलेल्या घरांमुळे पट अचानक खाली येतो आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पुढे राहिलेला असतो तेव्हा. तिसरी फेब्रुवारीत, वाचन ऐकायला. शाळा व्यवस्थापन समितीची पहिली सभाही त्यांनी मागे बसून बघावी. समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात असं कायदा म्हणतो. सह्या घेण्यापुरती वही घरोघर फिरवली तर कायदाही पाळला जातो आणि सभाही होत नाही. संध्याकाळी सात वाजता, शेतातून माणसं परतल्यावर सभा लावली की पाच जण तरी येतात.

यातलं काहीच झालं नाही तरी एक बदल फुकटात होण्यासारखा आहे. बदलीच्या आदेशात ‘तात्काळ कार्यमुक्त करावे’ असं छापलेलं असतं. चार्जवाल्या शिक्षकापुरतं तिथे ‘सात दिवसांनी’ असं लिहावं, आणि त्या सात दिवसांत जुने-नवे दोघेही एकाच शाळेच्या हजेरीपटावर असावेत. पोती उघडायला आणि रजिस्टरची पानं मोजायला तेवढे दिवस पुरतात.