ब्रँच ब्रूकमधला पुतळा

एप्रिलमध्ये नूअर्कच्या ब्रँच ब्रूक पार्कात चेरी फुलली की न्यू जर्सीतली आपली मंडळी डबे घेऊन फोटो काढायला जातात. यंदा आम्हीही गेलो. तिथे रॅकेट घेतलेला एक ब्राँझचा पुतळा दिसला. लेकीनं विचारलं, "ही कोण गं?" अल्थिया गिब्सन, अमेरिकेची कृष्णवर्णीय टेनिसपटू.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर भांडण पेटलं होतं. कुणीतरी बाळू पालवणकरांवर चार ओळी टाकल्या: १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा दलित गोलंदाज, पण पुण्यात त्याला चहा मिळे पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. लगेच उत्तर आलं: "खेळात जात आणू नका रे. गुण असले की कोण अडवतं?"

गिब्सनला कुणी अडवलं? नियमानं तर नाहीच. अमेरिकन राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत कृष्णवर्णीयांना मनाई असं कुठे लिहिलेलं नव्हतं. फक्त त्या स्पर्धेआधी ज्या स्पर्धा खेळून नाव करायचं, त्या गोऱ्यांच्या क्लबांत भरत आणि तिथलं आमंत्रण येत नसे. न्यू यॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीच्या रस्त्यावर पॅडल टेनिस खेळत वाढलेली ही मुलगी १९४७पासून कृष्णवर्णीयांच्या टेनिस संघटनेची अजिंक्यपदं ओळीनं जिंकत होती. पण फाटक उघडलं ते जुलै १९५०मध्ये, विम्बल्डन जिंकलेल्या अ‍ॅलिस मार्बलनं टेनिसच्या मासिकात आपल्याच लोकांना खडसावलं तेव्हा. तरीही आमच्या इथल्या मेपलवुडच्या क्लबनं "पुरेशी माहिती नाही" म्हणून आपल्या स्पर्धेसाठीचा तिचा अर्ज परत केला. शेजारच्या साउथ ऑरेंजनं घेतला. ऑगस्टमध्ये ती फॉरेस्ट हिल्सवर, म्हणजे त्या राष्ट्रीय स्पर्धेत, उतरली.

माहिती नाही! तीन वर्षांच्या विजेतेपदांनंतर! हे वाचून मला आपल्याकडचं राखीव जागांबाबतचं "योग्य उमेदवार मिळाला नाही" आठवलं.

गंमत म्हणजे गिब्सनलाही वंशाचा झेंडा मिरवायचा नव्हता, फक्त खेळायचं होतं. ग्रुपवरचे मित्र तिला आपल्या बाजूला ओढतील. पण नुसतं खेळाडू असणं तिला कुणी आयतं दिलं नव्हतं. १९५७मध्ये विम्बल्डनच्या विजेतेपदाची थाळी तिनं राणीच्या हातून घेतली, न्यू यॉर्कनं मिरवणूक काढली. तेव्हाच्या हौशी टेनिसमध्ये बक्षिसाचा पैसा नव्हता, त्यामुळे एवढं होऊनही खिसा रिकामाच.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. एकानं विचारलं, "मग तुमच्या अमेरिकेत आता सगळं छान झालं वाटतं?"

नाही. १९९०च्या दशकात, या पार्कापासून जवळच, ईस्ट ऑरेंजमध्ये गिब्सन आजारी आणि कफल्लक होती. भाडं, औषधं, काहीच परवडत नव्हतं. तिनं फोन केला तो १९५६च्या विम्बल्डन दुहेरीतल्या जोडीदारणीला, लंडनच्या ज्यू अँजेला बक्सटनला. बक्सटननं टेनिसवाल्यांना साद घातली, तेव्हा पैसे आले. २००३मध्ये अल्थिया गेली. पुतळा २०१२चा.