‘सबब’ म्हणणाऱ्या वाचकास

परवाच्या लेखावर ‘क्रीडाप्रेमी’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. लेख आइस हॉकीतल्या जोनाथन ह्युबर्डोवर होता. फ्लोरिडा पँथर्सकडून २०२१-२२ च्या हंगामात ११५ गुण आणि कॅलगरी फ्लेम्सकडे गेल्यावर पुढच्याच हंगामात ५५. नव्या संघात त्याचा आत्मविश्वास गेला, असं मी लिहिलं होतं. त्यावर हे गृहस्थ म्हणतात, "फरक पडला तो प्रशिक्षकाच्या पद्धतीमुळे. आत्मविश्वास ही खेळ संपलेल्यांची सबब. कोल्हापुरात बसून बर्फावरच्या हॉकीची अक्कल शिकवू नका."

मुद्दा पटला नसेल तर जरूर सांगा. पण ‘कोल्हापुरात बसून’ कशासाठी? पेठांच्या फुटबॉलपलीकडे या गावाला काही कळत नाही, असं म्हणायचंय का? लाईन बाजारात मेजर ध्यानचंदांच्या नावाचं स्टेडियम आहे आणि माझे गुडघे तिथेच फुटलेत. समोर बसून हे वाक्य बोलला असतात का?

एक चूक मान्य. लेखात मी ११५ गोल लिहिले होते. ते गोल नव्हेत, गुण आहेत: ३० गोल आणि ८५ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला हातभार लावणारे पास. लेखात दुरुस्ती केली आहे. पण हा आकडा माझ्याच बाजूने बोलतो. ह्युबर्डो मुळात पास देणारा. जोडीदार कुठे पोचणार हे अशा खेळाडूला मान वर न करता कळावं लागतं. नव्या संघात तो खात्री करायला क्षणभर थांबतो, तेवढ्यात फट बुजते. दोनदा पास तुटला की तिसऱ्यांदा तो सोपा पास देऊन मोकळा होतो. खेळ संपलेला नसतो हो, हात आखडलेला असतो. त्यात ८ वर्षांचा, ८.४ कोटी डॉलरचा करार डोक्यावर.

हे मला वाचून कळलेलं नाही. मैदानी हॉकीत पेनल्टी कॉर्नरला मी स्टॉपर, म्हणजे मागच्या रेषेवरून पुश केलेला बॉल फटका मारणाऱ्यासाठी स्टिकने अडवणारा. इथल्या संघात पुश करणारा लहानपणापासूनचा सोबती. त्याचा खांदा हलला की बॉल कुठे येणार ते कळायचं. मग पुण्यातल्या एका संघात गेलो. पहिल्याच मॅचला तीन कॉर्नर, तिन्ही बॉल स्टिकवरून उडाले. स्टॉपरचा हात सैल लागतो; मी स्टिक अशी आवळून धरली होती की बॉल भिंतीवर आपटल्यासारखा परत जायचा. बाकावरून कोणीतरी ओरडलं, "कोल्हापूरचं पार्सल परत पाठवा." आठवडाभर घास गिळवला नाही. एका संध्याकाळी तिथला पुश करणारा पोरगा आपणहून मागे थांबला आणि अंधार पडेपर्यंत मला बॉल घालत राहिला. पुढच्या मॅचला बॉल स्टिकला चिकटला. स्टिक तीच होती, तंत्रही तेच होतं. याला सबब म्हणता तुम्ही?

प्रशिक्षकाची पद्धत वगैरे असेलही, त्यावर इथे वेळ घालवत नाही. पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. आणि कधी स्टॉपर म्हणून उभे राहिला असाल, तर तेही लिहा.