पिवळा रुमाल फेकण्याची कला

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, पंच व्हायचं मनावर घेतलंत? छान केलंत. मैदानावर तुम्ही सात जण असाल, अंगात काळे-पांढरे पट्टे आणि कमरेला एक पिवळा रुमाल. त्याला फ्लॅग म्हणतात, पण आहे तो रुमालच. सात जणांत मुख्य पंचाची पांढरी टोपी तुम्हाला मिळाली तर निर्णय जाहीर करायचा माईकही तुमचाच.

हात साफ करायला होल्डिंगसारखं दुसरं काही नाही. आघाडीच्या फळीतले पाच आडदांड गडी दर खेळीला समोरच्यांशी झोंबतात, आणि त्यात कुणाच्या तरी मुठीत कुणाचा तरी शर्ट असतोच. नियम म्हणतो, समोरच्याला ‘लक्षणीयरीत्या’ अडवलं तरच गुन्हा, दंड 10 यार्ड. हा शब्द पाठ करून ठेवा, तुमची उभी कारकीर्द त्यावर निघेल. होल्डिंग शोधावं लागत नाही, कुठलं धरायचं तेवढं ठरवावं लागतं. घाई मात्र नको. चेंडू घेऊन गडी 40 यार्ड पळू दे, प्रेक्षक खुर्च्यांवर चढू देत, मग सगळ्यांच्या नजरा तिकडे असताना मागे गवतावर रुमाल पडलेला दिसला पाहिजे.

बचाव करणाऱ्याने शर्ट धरला तर दंड फक्त 5 यार्ड. डाऊन म्हणजे चेंडू पुढे न्यायला मिळणाऱ्या चार संधींपैकी एक, आणि पहिला डाऊन मिळाला की मोजणी नव्याने सुरू. पण तिसऱ्या डाऊनला 20 यार्ड हवे असले तरी त्या 5 यार्डांवर पहिला डाऊन मिळतो, भाजीवर कोथिंबीर मिळते तसा.

आता क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा गडी. हा देव्हाऱ्यातला माणूस. त्याच्या डोक्याला-मानेला लागता कामा नये, गुडघ्याखाली लागता कामा नये, आणि पाडलंच तर पूर्ण किंवा बहुतेक वजन अंगावर टाकायचं नाही. 2018 मध्ये या वजनाच्या कलमावर विशेष जोर दिला गेला. सव्वाशे किलोचा गडी हवेतून खाली येताना आपलं वजन कुठे ठेवून येणार, हा प्रश्न पदार्थविज्ञानवाल्यांचा. तुम्ही 15 यार्ड आणि पहिला डाऊन देऊन मोकळे व्हा. ऑक्टोबर 2022 चा एक सोमवार अभ्यासाला घ्या: कॅन्सस सिटीच्या ख्रिस जोन्सने रेडर्स संघाचा क्वार्टरबॅक डेरेक कार याच्या हातातला चेंडू हिसकावला, पडताना तो चेंडू जोन्सच्याच हातात होता, तरी रुमाल पडला आणि चेंडू परत रेडर्सकडे गेला. आदल्याच दिवशी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला पाडल्याबद्दल अटलांटाच्या ग्रेडी जॅरेटवरही असाच रुमाल पडला होता. सलग दोन दिवस सराव झाला की हात बसतो.

रुमाल न काढणं ही याहून वरची पायरी. 20 जानेवारी 2019, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम, 20-20 अशी बरोबरी, दोन मिनिटांहून कमी वेळ. चेंडू पोचायच्या आतच पाहुण्या रॅम्स संघाच्या निकेल रोबी-कोलमनने यजमान सेंट्स संघाच्या टॉमीली लुईसला आडवा केला. घरबसल्या टीव्हीवर दिसत होतं, रुमाल मात्र कमरेलाच राहिला. जादा वेळेत रॅम्स 26-23 ने जिंकले आणि सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, गेले. मग 2019 च्या हंगामात पास इंटरफिअरन्सवर, म्हणजे चेंडू पोचायच्या आत झेल घेणाऱ्याला असं अडवण्यावर, रिप्लेची सोय आली. रिप्लेवाल्यांनी बहुतेक वेळा मैदानावरचाच निर्णय कायम ठेवला, आणि वर्षभरात ती सोयही गुंडाळली. घरचं भांडण घरातच मिटवावं.

प्रशिक्षकाने लाल रुमाल फेकला तर दचकू नका. झेल पुरा झाला का, पाय रेषेच्या आत होता का, असल्या गोष्टींवर तो दाद मागू शकतो. होल्डिंगला त्यात जागा नाही. जे कॅमेऱ्याला मोजता येतं ते तपासायचं आणि जे तुमच्या मनात आहे ते तुमच्याकडेच ठेवायचं, अशी ही सुटसुटीत वाटणी आहे.

मोजण्याचंच म्हणाल तर 2025 पासून 10 यार्डांच्या साखळीऐवजी मापाला हॉक-आय आलं, क्रिकेटमुळे तुमच्या ओळखीचं तेच. पहिल्या डाऊनला किती अंतर कमी पडलं ते ते इंचांत सांगतं. पण चेंडू गवतावर नेमका कुठे ठेवायचा, ते सीमारेषेवरून पळत येऊन, माणसांच्या ढिगाकडे बघून, बुटाच्या टोकाने तुम्हीच दाखवायचं. सोनाराच्या काट्यावर मुठीने अंदाजे टाकलेला माल. काटा बिनचूक आहे, आणखी काय हवं?

शेजारच्या सहकाऱ्याकडे मात्र हात वर करण्याआधी एकदा बघून घ्या. 24 सप्टेंबर 2012 ला सिएटलमध्ये शेवटच्या खेळीवर, एकाच ढिगाशी उभ्या दोन बदली पंचांपैकी एकाने दोन्ही हात सरळ वर करून टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेल्याचे गुण) दिला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने हात डोक्यावर हलवून घड्याळ थांबवलं. दोघं एकाच फोटोत आले. टचडाऊन टिकला आणि पाहुणा संघ ग्रीन बे 14-12 ने हरला.

सामना संपल्यावर पांढऱ्या टोपीला गाठायला पत्रकारांचा एकच प्रतिनिधी येतो. प्रश्न काहीही असो, त्याला नियमाचं कलम ऐकवा. ‘लक्षणीयरीत्या’ हा शब्द तेवढा सावकाश उच्चारा, लिहून घेताना तो चुकतो.