गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मुंबईला मिळाला? खुलासा

‘गिरण्या गेल्या, पण जमिनीचा तिसरा हिस्सा शहराला आणि तेवढाच म्हाडाला मिळाला, म्हणून तर परळची भरभराट झाली’ असा एक मजकूर फिरतो आहे. तो अर्धवट आहे.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ मध्ये तशी वाटणी होती, हे खरं. पण २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून मोकळी होणारी जागा त्यात धरायची नाही, हा अर्थ सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये मान्य केला.

उदाहरणादाखल २४ एकरांची गिरणी घ्या. १८ एकरांवर शेड, ६ एकर मोकळे. जुन्या नियमाने पालिका, म्हाडा आणि मालक यांना प्रत्येकी साधारण ८ एकर. नव्याने पालिकेला २, म्हाडाला २ आणि मालकाकडे २०! कागदावर ‘एक तृतीयांश’ हा शब्द मात्र तसाच राहिला. घोळ तिथेच आहे.

याचा परळच्या भरभराटीशी संबंध काय? कापडाऐवजी बँका, माध्यमं, सॉफ्टवेअर आलं की एका एकरावर कितीतरी जास्त माणसं कामाला येतात. त्यांना रुंद रस्ते, पादचारी पूल, जवळ परवडणारी घरं लागतात आणि त्यासाठी सलग जमीन लागते. २-२ एकरांच्या तुकड्यांत उद्यान बसतं, नवा रस्ता नाही. ऑफिसं वाढली, स्टेशनाचे जिने तेवढेच. २९ सप्टेंबर २०१७ला परळजवळच्या एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनाच्या पादचारी पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले.