ट्रॅकचे टायर पावसात जास्त धरतात? साफ खोटं आहे हे

"रस्त्यावर चालणाऱ्या ट्रॅक टायरबद्दल कंपन्या लपवतात त्या सहा गोष्टी" अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज गाडीवेड्यांच्या मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. ट्रॅक टायर म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेले, पण रस्त्यावरही चालवायला मान्यता असलेले टायर. जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीकडेही तो पोचला. तिने वापरलेली होंडा सिव्हिक टाइप आर घेतली आहे. मेसेज पुढे ढकलून तिने विचारलं, "मामा, मिशेलिनचे कप २ घेऊ की योकोहामाचे ए०५२? यात लिहिलंय ते बरोबर आहे ना?" पाठोपाठ तिच्या धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला. त्यालाही पावसाळ्याआधी असलेच टायर हवेत, ताम्हिणी घाटासाठी. आता गप्प बसून चालणार नाही.

मेसेज थोडक्यात असा आहे. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवरचे विक्रम याच टायरांवर होतात, म्हणून रस्त्यावरही हेच सगळ्यांत सुरक्षित. टायरवर छापलेला ट्रेडवेअरचा आकडा जितका कमी तितकी पकड जास्त, त्यामुळे तुलना करायला तेवढा एक आकडा पुरे. रबर मऊ असल्यामुळे पावसात आणि थंडीतही साध्या टायरपेक्षा जास्त धरतात. हवा २५ पीएसआय (दाबाचं माप) ठेवा, नायट्रोजनच भरा, म्हणजे टायर रस्त्याला चिकटून बसतो. टायर घासला की आणखी चांगला होतो. आणि कायद्याने मान्यता आहे, तेव्हा बाराही महिने बिनधास्त चालवा.

यातली पावसाची आणि हवेची गोष्ट जीव घेणारी आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

दुकानात गेलात तर मिशेलिनचा रोजच्या रस्त्याचा स्पोर्ट टायर पायलट स्पोर्ट ४एस आणि ट्रॅक टायर पायलट स्पोर्ट कप २ शेजारी शेजारी ठेवायला सांगा. ४एसवर आडव्या-उभ्या खाचा सगळीकडे पसरलेल्या दिसतील. कप २ची बाहेरची बाजू बघा: रबराचे रुंद सलग ठोकळे, मध्ये जेमतेम एखादी रेघ. पाणी वाहून न्यायच्या मोठ्या खाचा आतल्या बाजूला ढकललेल्या आहेत. त्या खाचेत नख घालून बघा. चांगल्या स्पोर्ट टायरची खाच नवेपणी साडेसात मिलिमीटरच्या आसपास असते, ट्रॅक टायरची पाच-सहा. हे मुद्दाम केलेलं आहे. ठोकळे मोठे आणि बुटके असले की वळणावर ते कलत नाहीत, जास्त रबर डांबराला टेकतं, स्टिअरिंग नेमकं लागतं. कोरड्या ट्रॅकवर यासाठीच पैसे मोजायचे. पण पाण्याला जायला जागा कुठे उरली?

पाणी साचलेल्या रस्त्यावर टायरला पुढचं पाणी बाजूला सारावं लागतं. वेग वाढला की सारायला वेळ कमी मिळतो, टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते आणि एका वेगाला ती टायर उचलून धरते. मग रबर डांबराला टेकलेलंच नसतं. तिथे ते मऊ आहे की कडक, याला काडीचाही अर्थ उरत नाही. स्टिअरिंग एकदम हलकं पडतं, ब्रेक दाबून काही होत नाही.

हा वेग कशावर ठरतो, हे नासाच्या लँग्ली केंद्रातल्या हॉर्न आणि ड्रेहर या दोघांनी १९६३ सालीच लिहून ठेवलं आहे. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांचे टायर पाण्यावर का तरंगतात, याचा त्यांचा तो अहवाल आजही टायरच्या अभ्यासात पहिला धडा म्हणून शिकवतात. सूत्र शाळकरी पोराला जमेल असं आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाचं पीएसआयमध्ये वर्गमूळ काढा, १०.३५ने गुणा, उत्तर ताशी मैलांत येतं. आता मेसेजचा सल्ला त्यात घालून बघू. दाब ३६ असेल तर वर्गमूळ ६, वेग साधारण ६२ मैल, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. दाब २५ केला तर वर्गमूळ ५, वेग ५२ मैलांच्या आत, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर. हवा कमी केली की गाडी ताशी १७ किलोमीटर कमी वेगालाच तरंगायला लागते!

सूत्र विमानाच्या टायरवरून आलं आहे, आणि खाचांना उपसता येणार नाही इतकं पाणी असेल तेव्हाच ते लागू पडतं, हे खरं. पण मग खाच जितकी उथळ तितकं ती वेळ यायला कमी पाणी पुरतं. टाइप आरचा टायर २६५ मिलिमीटर रुंद आहे. रुंद टायरचा रस्त्याला टेकणारा ठसा आडवा आणि आखूड असतो, म्हणजे पाण्याला बाजूला जायला लांबचा पल्ला. उथळ खाच, रुंद टायर, कमी हवा. पावसात एकत्र येऊ नयेत त्या तिन्ही गोष्टी या मेसेजने एकाच गाडीवर बसवायला सांगितल्या आहेत.

अर्धसत्य कुठे आहे तेही सांगतो, कारण भाचीने त्याच्यावरच बोट ठेवलं. ट्रॅकवर जाणारे लोक खरंच हवा कमी करून सुरुवात करतात. कारण जोरदार चकरा मारल्या की टायर हाताला चटका बसेल इतका तापतो आणि आतला दाब सहा-आठ पीएसआयने वर जातो. थंड असताना २५ ठेवला तर गरम झाल्यावर तो हव्या त्या जागी येतो. रस्त्यावर टायर तितका तापतच नाही, त्यामुळे दाब खालीच राहतो. वर हायवेला तासन् तास कमी हवेवर पळवलं तर टायरच्या भिंती सतत दुमडून आतून तापतात. अमेरिकेत २००० साली फायरस्टोनचे ६५ लाख टायर परत मागवावे लागले, त्या प्रकरणात फोर्डने एक्सप्लोरर गाडीसाठी सुचवलेला २६ पीएसआयचा दाब मोठ्या वादाचा विषय झाला होता. दोष तिथे टायरमध्येही होता. पण कमी दाब आणि वेग हे जोडपं धोक्याचं, हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे.

"मऊ रबर ओल्यात जास्त धरतं" यातही थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. रस्ता नुसता ओलसर असेल, पाणी साचलेलं नसेल आणि हवा गरम असेल, तर योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२ किंवा ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएससारखे टायर चांगले चालतात. पण ओलसर रस्ता म्हणजे पाऊस नव्हे. फॉर्म्युला वनमध्ये पिरेली पावसासाठी वेगळे टायर देते. त्यांचा पूर्ण पावसाचा एक टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी उपसतो, हलक्या पावसाचा मधला टायर ३० लिटर. मऊ रबराने भागलं असतं, तर जगातल्या सगळ्यांत मऊ टायरवर पळणारे संघ पाऊस आला की टायर बदलायला धावत पिटमध्ये कशाला आले असते?

आता थंडी. रबराला पकड येते ती ते रस्त्याच्या बारीक खडबडीत घुसून दबतं-सुटतं त्यातून. ट्रॅक टायरचं मिश्रण गरम असताना असं वागावं म्हणून बनवलेलं असतं. नोव्हेंबरच्या सकाळी चार अंशांत ऑफिसला निघालात तर तेच रबर ताठ असतं आणि शहरातल्या वेगाने ते तापणारही नाही. शून्याच्या बरंच खाली टायर नुसता ठेवला तरी रबराला भेगा पडू शकतात, असा इशारा बनवणाऱ्या कंपन्याच देतात. म्हणजे 'कंपन्या लपवतात' हेही खोटंच. शिवाय जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा चिखलबर्फ असताना तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असलेला, म्हणजे बर्फासाठी तपासलेला टायर लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही. साठ युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. "बाराही महिने" लिहिणाऱ्याने हे वाचलेलं दिसत नाही.

ट्रेडवेअरच्या आकड्याचा मेसेजमध्ये भलताच बाऊ केला आहे. हा आकडा अमेरिकी सरकारच्या नियमातून आला. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोच्या आसपासच्या रस्त्यांवर ७,२०० मैल टायर चालवायचा, एका ठरलेल्या टायरच्या तुलनेत किती झिजला ते बघायचं, त्या ठरलेल्या टायरला १०० धरायचं. आकडा झिजेचा आहे, पकडीचा नाही, आणि तो कंपनी स्वतःच जाहीर करते. अमेरिकेतल्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या क्लबच्या हौशी स्पर्धांच्या स्ट्रीट गटात २००च्या खालचे टायर चालत नाहीत. त्यामुळे ए०५२ आणि आरई-७१आरएस दोघांवरही बरोबर २०० छापलेलं असतं. टोयोच्या आर८८८आरवर १०० असतं. म्हणून आर८८८आर दुप्पट धरतो का? मुळीच नाही. तो कोरड्या ट्रॅकसाठी आहे आणि रस्त्यावर त्याचा आवाज डोकं उठवतो. ए०५२ लगेच तापून तयार होतो, पहिल्या एक-दोन चकरांत कमालीचा वेगवान असतो, मात्र लांब चकरांत जास्त तापतो आणि पटकन संपतो. कप २ला तापायला वेळ लागतो, पण तो बराच वेळ सारखा चालतो आणि ट्रॅकपर्यंत दोनशे किलोमीटर चालवत न्यायला बरा. तुलना करायची तर अशी करावी लागते: किती वेळ चालवणार, तिथवर कसे जाणार, हवा कशी असणार. एका आकड्यात हे मावत नाही.

नायट्रोजनवर वेळ घालवत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

"घासला की चांगला" हे कोरड्या ट्रॅकपुरतं बरोबर. शर्यतवाले काही वेळा नवा टायरसुद्धा तासून घेतात, म्हणजे ठोकळे हलत नाहीत. पण युरोपात आणि आपल्याकडेही गाडीच्या टायरला कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खाच लागते. पाच मिलिमीटरने सुरू झालेला टायर अर्धा झिजला की त्या मर्यादेच्या किती जवळ येतो, याचा हिशेब करा आणि वरचं पाण्याचं गणित पुन्हा वाचा.

विक्रमाचं म्हणाल तर तो खरा आहे. एप्रिल २०२३ मध्ये होंडाने जाहीर केलं की सिव्हिक टाइप आरने मिशेलिन कप २ कनेक्टवर २०.८३२ किलोमीटरची नॉर्डश्लाइफ (नुर्बुर्गरिंगचा लांब ट्रॅक) ७ मिनिटं ४४.८८१ सेकंदांत पुरी केली, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांतला विक्रम. भाचीची गाडी तीच, म्हणून तिला त्याची भुरळ पडली. पण तो विक्रम बंद रिंगवर, समोरून-मागून कोणी नसताना झाला. तीच टाइप आर होंडा कारखान्यातून कोणत्या टायरवर बाहेर काढते? पायलट स्पोर्ट ४एसवर. रोजच्या रस्त्यासाठी काय योग्य, याचं उत्तर होंडाने गाडी विकतानाच दिलेलं आहे.

राहिली कायदेशीर मान्यता. टायरवरचं गोलातलं 'ई' चिन्ह म्हणजे ठरावीक किमान चाचण्यांत तो पास झाला, एवढंच. ओल्या पकडीची युरोपातली चाचणीही रस्त्यावर अर्धा ते दीड मिलिमीटर पाणी असताना ताशी ८० वरून २० पर्यंत ब्रेक लावून होते. युरोपच्या लेबलवर ओल्या पकडीचं जे अक्षर असतं ते यातूनच येतं. साचलेल्या पाण्यात टायर कधी तरंगेल, हे ते अक्षर सांगत नाही.

पुण्याच्या भाच्याला मी सरळ नाही म्हटलं. ताम्हिणीत जुलैमध्ये रस्त्यावरून पाण्याचे लोट आडवे वाहतात, वळणावर माती आलेली असते, समोरून एसटी येते. तिथे उथळ खाचेचा टायर घेऊन जाणं म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं. शिवाय जून २०२० पासून नव्या टायरांची आयात आपल्याकडे परवान्याशिवाय करता येत नाही. कोणी 'मागवून देतो' म्हणालाच, तर टायर कोणत्या वाटेने आले, किती जुने आहेत आणि आयएसआय शिक्का आहे का, हे आधी विचारायचं. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. त्याला मी गाडीच्याच मापाचे, ओल्या पकडीला चांगले साधे टायर घ्यायला सांगितलं आहे, आणि खाच तीन मिलिमीटरवर आली की १.६ची वाट न बघता बदलायला.

भाचीचं वेगळं आहे, तिला खरंच रिंगवर जायचं आहे. तिच्यासाठी रोजच्या गाडीवर ४एस, हिवाळ्यात हिवाळी टायर आणि ट्रॅकसाठी कप २ वेगळ्या रिमवर. सामान्यांसाठी नॉर्डश्लाइफ खुली असते तेव्हा ती कायद्याने टोलचा सार्वजनिक रस्ताच असते, त्यामुळे तिथे रस्त्याला मान्य टायर लागतातच, तेवढ्यापुरता हा प्रकार तिच्या कामाचा. त्या डोंगरात एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस असतो, म्हणून आकाश काळवंडलं की त्या दिवशी रिंगवर जायचं नाही. पहिल्या चकरेत टायर थंड आहेत हे धरूनच चालवायचं. चकरांसाठी हवा कमी केली असेल तर घरी निघायच्या आधी, गाडी पूर्ण थंड झाल्यावर, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या दाबापर्यंत ती परत भरायची. पंप सोबत ठेव, असं तिला सांगितलं आहे.