कडक सीटच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की जालन्यातल्या आमच्या दुकानातून ट्रकसाठी नेलेली सस्पेन्शन सीट (खाली स्प्रिंग असलेली) दगडासारखी कडक निघाली, ड्रायव्हरची कंबर धरली, वर टाकायला जाड फोम मागितला तर आम्ही नाही म्हणालो, आणि नॉब फिरवायची कटकट वेगळीच. एवढ्या पैशात दोन मऊ सीटा आल्या असत्या, असंही तुमचं म्हणणं आहे.

ड्रायव्हरची कंबर दुखतेय हे वाचून वाईट वाटलं. बाकीच्या गाडीमालकांनाही हेच प्रश्न पडतात, म्हणून इथंच सविस्तर लिहितो.

आधी फोमचं. तो आम्ही नाकारला आणि पुन्हा मागितलात तरी नाकारू. सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा वर-खाली होणारा हादरा मणक्याला सगळ्यात जास्त बाधतो. नुसत्या फोमची सीट ४ च्या आसपासचा हादरा खात नाही, उलट वाढवते. दुकानात हातानं दाबून बघितली की ती छान लागते. पण सळई भरून सोलापूर-धुळे रस्त्याला लागलं की तासाभरात फोम बसतो आणि माणूस खालच्या पत्र्यावर आदळायला लागतो. शिवाय चांगल्या सीटवर जाड फोम टाकला की ड्रायव्हर उचलला जातो, टेकीचा कंबरेचा फुगवटा कंबरेच्या खाली राहतो, आणि क्लच दाबताना मांडी अधांतरी होते. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच वाया.

आता नॉब. तुमच्या तक्रारीचं मूळ मला इथंच दिसतं. सीटखालची स्प्रिंग या नॉबनं बसणाऱ्याच्या वजनावर लावायची असते. सीट बसवली त्या दिवशी ड्रायव्हर भाड्यावर होता, तुम्ही एकटेच आला होता, म्हणून नॉब तुमच्या वजनावर लावला आणि ड्रायव्हर बसला की फिरवून घ्या असं सांगितलं. तुमचं वजन आणि किडकिडीत पोराचं वजन यात बराच फरक असतो. जड माणसासाठी ताणलेली स्प्रिंग हलक्या माणसाखाली दबतच नाही, मग सीट कडकच लागणार. उलटं झालं, हलक्यासाठी लावलेल्या सीटवर जड माणूस बसला, की प्रत्येक स्पीड ब्रेकरला ती तळाला ठोकते. बसल्यावर सीट साधारण मधोमध थांबली पाहिजे, वर-खाली दोन्हीकडं जागा उरली पाहिजे. दोन ड्रायव्हर आलटून पालटून चालवत असतील तर बदलीच्या वेळी नॉब फिरवायचाच. ही कटकट नाही भाऊ, सीटचं निम्मं काम त्या नॉबवर आहे.

किंमतीबद्दल थोडक्यात. एअर सीट हादरा याहून चांगला खाते, पण ती गाडीच्या हवेच्या टाकीवर चालते, पाइप आणि हवेच्या फुग्याची देखभाल लागते, आणि महागही पडते. म्हणून तुम्हाला स्प्रिंगवाली सुचवली. त्याहून स्वस्त सीट लांबच्या गाडीला मी देत नाही.

अजून एक सांगतो, राग मानू नका. कंबर एकट्या सीटनं सांभाळली जात नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा, २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम असेल तर मध्ये किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. समृद्धीवर रस्ता सरळ, म्हणून पोरं उतरतच नाहीत. त्याला उतरू द्या, चार पावलं चालू द्या. मागच्या खिशातलं पाकीट काढून बसायला सांगा, त्यानं कंबर एका बाजूला कलते. आणि दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर सीटचं नंतर बघू, आधी डॉक्टरकडं न्या.

गाडी कधीही दुकानावर लावा. उंची, पुढं-मागचं अंतर, टेकीचा कल आणि नॉब, सगळं फुकट लावून देऊ. गुडघ्यामागं सीटच्या कडेपासून दोन-तीन बोटं जागा राहते का तेही बघू. सगळं नीट लावूनही सीट त्याला मानवली नाही तर बदलून देऊ. फक्त येताना ड्रायव्हर तोच आणा, आणि गाडी चालवताना पायात जे घालतो तेच घालून येऊ द्या, क्लचचं अंतर त्यावरच ठरतं.